निष्ठेचा हिशोब

परवा धाकट्या जावेकडे गौरी जेवायला सगळे जमलो होतो. पंगत उठली, विडे फिरले आणि विषय निघाला माझ्या नातीचा. पुण्यातल्या एका कंपनीतली नोकरी तिने चौदा महिन्यांत सोडली. झालं! भावोजींनी सुरुवात केली, "आम्ही एका टेबलावर तीस वर्षं काढली. ह्या पोरांना कशाचीच निष्ठा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. नात खाली मान घालून ताटं उचलत होती, काही बोलली नाही. मीही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, म्हणून हे लिहितेय. भावोजी, तुम्ही हे वाचणार हे ठाऊक आहे. रागवा हवं तर, पण शेवटपर्यंत वाचा.

आपली ती खरंच निष्ठा होती का हो? मी १९७४ साली तालुक्याच्या गावच्या शाळेत लागले आणि २००८ साली तिथूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात माझ्या निष्ठेवर चार भाषणं झाली. गोड वाटलं. पण खरं सांगू? एकदा कायम झाल्यावर नोकरी जायची धास्ती नव्हती. पूर्ण पेन्शनला ३३ वर्षं भरावी लागत. ती भरली की शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम जन्मभर. मध्येच सोडलं तर नुकसान माझंच. मुलांवर माझा जीव होता, शिकवण्यावरही होता, ते खोटं नाही. पण मुख्याध्यापक चारचौघांत बोलले तेव्हा गिळून बसले, ते काही शिकवण्याच्या प्रेमाने नव्हे. ती पेन्शन दिसत होती पुढे.

आता नातीचा हिशोब मांडा. राज्य सरकारच्या नोकरीतसुद्धा १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन उरली नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये कर्मचारी संपावर गेले, ते आपण पाहिलं. खासगीत तर बोलायलाच नको. नातीच्या ऑफिसात भिंतीवर 'आपण सारे एक कुटुंब' असं लिहिलंय म्हणे. आणि तिच्या शेजारच्या मुलाला एका दुपारी आत बोलावलं, संध्याकाळी लॅपटॉप काढून घेऊन घरी पाठवलं. रात्री साडेदहाला साहेबांचा फोन उचलला नाही तर सकाळी बोलणी. तिने निष्ठा ठेवायची कोणावर? निष्ठा दोन्हीकडून असावी लागते. एकाच बाजूने ठेवायची, तर तिला लाचारी म्हणतात.

"आम्ही कधी काही मागितलं नाही," हेही त्या दिवशी ऐकलं. भावोजी, १९७७-७८ चा संप विसरलात? ५४ दिवस! केंद्राप्रमाणे महागाई भत्ता हवा म्हणून. तुम्ही आणि तुमचे दादा, दोघेही जिल्हा परिषदेत आणि दोघेही संपावर. वाण्याची उधारी वहीत मी लिहीत होते. तेव्हा लोक आपल्यालाही म्हणालेच, ह्यांना कामाची चाड नाही म्हणून. अहो, रविवारची सुट्टी तरी कुठे आभाळातून पडली? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी ती वर्षानुवर्षं मागितली, तेव्हा १८९० साली मिळाली. आणि २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, तेव्हा व्हॉट्सॅपवर टाळ्या कोणी पाठवल्या? आपणच, पेन्शनवाल्यांनी!

माझ्या पदरीही एक पाप आहे. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षं ठरावीक मानधन, वेतनश्रेणी त्यानंतर. आमच्याकडे असा एक तरुण आला. तास माझ्याइतकेच, वह्या माझ्याहून जास्त तपासायचा, आणि मानधन माझ्या पगाराच्या पाव हिश्शाच्या आसपास. दोन वर्षांनी तो सोडून पतपेढीत लागला. "टिकत नाहीत ही पोरं," असं स्टाफरूममध्ये सगळ्यांत आधी मीच म्हटलं होतं. त्याचं घर कसं चालतं, हे मात्र दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

तरुणांचं सगळंच बरोबर, असं मी म्हणत नाही. वर्षाच्या मध्यात शिक्षक निघून गेला की वर्गाचे कसे हाल होतात, ते मी पाहिलंय. हातातलं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकून जाऊ नये. नातीला मी तेच विचारलं. ती म्हणाली, "आजी, महिनाभर थांबून सगळं समजावून दिलं. शेवटच्या दिवशी चहालासुद्धा कोणी विचारलं नाही."

एक आठवण सांगते आणि थांबते. १९८२ साली हिचा बाप तापाने फणफणला होता. शाळेत परीक्षा होत्या. त्याला शेजारच्या काकूंकडे ठेवून मी गेले. रजा शिल्लक होती, कोणी अडवलंही नसतं. पण 'मी रजा घेत नाही' हे मिरवायचं होतं ना! तो अजून ती गोष्ट हसत सांगतो. मला हसू येत नाही.

नातीला आता दुसरी नोकरी मिळाली आहे. पगार थोडा कमी, पण संध्याकाळी सातनंतर फोन नाही. माझ्या मते तिने शहाणपणा केला. हे तिथे, सगळ्यांसमोर, तिच्या बाजूने म्हणायला हवं होतं. तेव्हा जमलं नाही, म्हणून इथे म्हणते.

असो. भावोजी, दिवाळीला या. तेव्हा भांडू.