चेहरा शिवला, दाताचे काय?

समजून घ्या : स्थलांतरित मजुरांच्या चेहऱ्यावरील दुखापती

दिवाळी सरली की बीडमधून आणि आपल्याच पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या प्रवरा-गोदावरीच्या फडांवर उतरतात. सुपे आणि नागापूर एमआयडीसीत, बांधकामांवर उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार राबत असतात. यांच्यापैकी कुणाच्या तोंडाला मार लागला, तर तातडीच्या विभागात रक्त थांबते, टाके पडतात. पण हललेला दात आणि मोडलेला जबडा अनेकदा तसाच राहतो. याची किंमत मजूर पुढे आयुष्यभर मोजतो.

मार लागतो कसा?

डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढताना पाय घसरतो. बैल शिंग मारतो. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळते. बांधकामावर परातीतून तोल जातो. हेल्मेट नसेल तर पहिला मार तोंडावरच बसतो. काही जखमा घरातल्या मारहाणीच्याही असतात आणि बाई ‘पडले’ एवढेच सांगते.

पहिल्या तासात काय करायचे?

आधी श्वास. तोंडात रक्त साचत असेल तर जखमीला शक्यतो मान न वळवता कुशीवर घ्या, बेशुद्ध असेल तर पाणी पाजू नका, १०८ ला फोन करा.

पक्का दात मुळासकट निखळला असेल तर तो शोधा. पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर काही क्षण स्वच्छ पाण्यात धुवा, घासू नका. माणूस शुद्धीत असेल तर दात जागेवर बसवून रुमाल दातांत धरायला सांगा. ते जमले नाही तर दात दुधात ठेवा, कागदात गुंडाळू नका. तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचले तर दात वाचण्याची शक्यता सर्वाधिक. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

वरचे-खालचे दात नीट जुळत नसतील, खालचा ओठ बधिर झाला असेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील किंवा नाकातून पाण्यासारखा द्रव येत असेल, तर ही नुसती सूज नाही. मोठ्या रुग्णालयात नेलेच पाहिजे.

खरी अडचण कुठे?

पहिल्या तासानंतर. बसवलेला दात साधारण दोन आठवडे तारेने बांधून ठेवावा लागतो आणि प्रौढांमध्ये याच काळात रूट कॅनाल सुरू करावे लागते. जबडा बांधला तर चार ते सहा आठवडे पातळ अन्नावर काढावे लागतात. कोयत्यावर उचल घेतलेल्या जोडीला हे परवडत नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात आणि फड संपला की टोळी पुढच्या गावाला जाते. रुग्ण ‘फॉलोअप’ला आला नाही अशी नोंद होते. तो का आला नाही, हे कुणी विचारत नाही.

पैसे कोण देणार?

पोलिस केस आहे म्हणून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. रस्त्यावरील मोटार अपघातात २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोकड मिळतात. फडात पडलेल्याला ही योजना उपयोगी नाही. त्याच्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड गावी राहिले असेल तर त्याचा फोटो तरी मोबाईलमध्ये ठेवा. परप्रांतीय पात्र कामगाराचे आयुष्मान कार्ड योजनेतील रुग्णालयांत इथेही चालते. ईएसआय लागू असलेल्या कारखान्यात कामावरची दुखापत पहिल्या दिवसापासून संरक्षित असते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने तर चेहरा अत्यंत विद्रूप होणे ही कमाईची शंभर टक्के क्षमता गमावण्याची दुखापत मानली होती. चेहरा ही चैनीची बाब नाही, हे या कायद्याला कळले होते.

मग काय व्हायला हवे?

आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात प्रवरानगरला उभा राहिला आणि त्याच लोणीत आज दंत महाविद्यालयही आहे. ऊस आणि दंतवैद्य दोन्ही इथे आहेत. नाही ती मधली साखळी. ती तीन गोष्टींनी जोडता येईल. एक, तोंडाला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाचे दात आणि जबडा तपासल्याची नोंद केसपेपरवर सक्तीची करावी; बाईला एकटीला विचारावे आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्यावा. दोन, पुढची तारीख आणि उपचार मराठी-हिंदीत लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्या हाती द्यावी, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातला डॉक्टरही पुढचे काम करू शकेल. तीन, गळीत हंगामात कारखान्यांनी दंतवैद्यासह फिरते पथक फडांवर पाठवावे आणि उपचाराच्या दिवसांचा खाडा धरू नये, अशी अट मुकादमाच्या करारात घालावी.

यासाठी नवी इमारत लागत नाही. भाकरी चावता न येणारा माणूस ऊस तोडू शकत नाही, एवढा हिशेब कारखान्यांना आणि सरकारला कळला तरी पुरे.