घोरणे हसण्यावारी नेऊ नका





या पानावर ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी आणि खोडवा याबद्दल लिहावे अशी आपली अपेक्षा असते, व ती रास्तच आहे. परंतु गळीत हंगाम तोंडावर आलेला असताना यावेळी मी झोपेबद्दल लिहिणार आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मी एका शिवारातील तोडणी पाहून मोटारसायकलने गट ऑफिसकडे परतत होतो. रस्ता सरळ आणि रिकामा. त्यानंतरचे मला आठवते ते इतकेच, की मी पऱ्हाटीच्या वावरात धुऱ्यालगत पडलेलो आहे आणि गाडीचे हँडल वाकलेले आहे. चालत्या गाडीवर माझा डोळा लागला होता. दारू मी घेत नाही, आणि आदल्या रात्री चांगला आठ तास झोपलोही होतो. त्यावेळी समोरून उसाची ट्रॉली आली असती, तर या अंकाचे हे पान दुसऱ्या कोणी लिहिले असते.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, मी दोन वर्षांपासून सांगते आहे. तुम्ही नुसते घोरत नाही. मधेच आवाज बंद होतो, श्वासच थांबतो. मी घाबरून मोजत बसते. मग एकदम हिसका देऊन सुरू होतो." ती सांगत होती हे खरे, आणि मी हसून सोडून देत होतो हेही खरे. आपल्याकडे समजच तसा आहे. मागे एका सभासदांजवळ विषय काढला तर ते म्हणाले, "साहेब, घोरते तो मानूस बेफिकीर झोपते. त्याच्यात कायची बिमारी आली?"

तर बिमारी आहे. डॉक्टर तिला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला की तो एक झटका धरतात. असे झटके तासाला ५ ते १५ असले तर आजार सौम्य, १५ ते ३० असले तर मध्यम आणि ३० च्या वर गेले तर तीव्र. प्रत्येक वेळी मेंदूला अर्धवट जागे होऊन श्वास सुरू करावा लागतो. म्हणजे माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण झोप पदरात पडत नाही. दिवसा पेंग येते, सकाळी डोके जड राहते, आणि पुढे रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढतो. लठ्ठ माणसाला हा आजार जास्त होतो, पण जबडा मागे असलेल्या सडपातळ माणसालाही होतो.

हा दूरदेशीचा आजार आहे असेही समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास करून तो २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात शेकडा १९.५ जणांत झोपेतील श्वासाचा बिघाड आढळला, आणि शेकडा ७.५ जणांत त्याबरोबर दिवसाची पेंगही होती. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून याच आजाराचे नाव सांगितले होते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. उपचार निवडताना मी जी चूक केली ती आपण करू नये.

पडल्यावर मी घाबरलो, आणि जाहिरात पाहून घोरणे बंद करणारी प्लास्टिकची तयार पट्टी मागविली. गरम पाण्यात मऊ करून दातांत धरायची. चार रात्रीत जबडा ठणकू लागला, आणि सौ. म्हणाली श्वास थांबतोच आहे. मातीपरीक्षण न करता शेजाऱ्याने टाकले तेच खत आपल्या वावरात टाकू नका, असे जो माणूस गावोगाव सांगत फिरतो, त्याने स्वतःच्या देहाबाबत नेमके तेच केले!

पुढे रीतसर झोपेची तपासणी झाली. रात्रभर अंगाला तारा लावून श्वास, रक्तातील प्राणवायू, नाडी यांची नोंद घेतात. माझा आकडा तासाला १९ निघाला. डॉक्टरांनी हवेच्या दाबाचे यंत्र सुचविले. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी या उपचाराची माहिती जगापुढे मांडली. नाकावर मास्क लावायचा, यंत्र साधी हवाच दाबाने आत सोडते व वाट उघडी ठेवते. आजही सर्वांत प्रभावी उपचार हाच मानतात. मी दोन महिने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण मध्यरात्री झोपेतच मास्क काढून फेकत असे, आणि हंगामात गट ऑफिसच्या खोलीत वीज गेली की यंत्रही बंद. तेव्हा डॉक्टरांनीच मला दंतवैद्याकडे पाठविले.

झोपेच्या आजारात दातांच्या डॉक्टरचे काय काम, असे मलाही वाटले होते. काम असे, की ते आपल्या दातांचे माप घेऊन वरची व खालची अशी दोन भागांची पट्टी बनवितात. ती खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवते. जबड्याबरोबर जीभ पुढे येते व वाट मोकळी होते. बारीक स्क्रूने जबडा हळूहळू पुढे घेता येतो. वीज लागत नाही, खिशात मावते.

पण त्या दंतवैद्यांनी पहिला प्रश्न पट्टीचा केलाच नाही. "झोपेच्या तपासणीचा कागद कुठे आहे?" असे विचारले. मग दात किती व घट्ट आहेत का, हिरड्या कशा आहेत, जबड्याचा सांधा वाजतो का, आणि तोंड तीन बोटे उघडते का, हे पाहिले. इथे माझा खर्रा आडवा आला. बारा वर्षांच्या सवयीने हिरड्या खराब झालेल्या. ते म्हणाले, "आधी खर्रा सुटेल, हिरड्या सुधारतील, मगच माप." आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा मोठा आहे. खऱ्र्यातल्या सुपारीने गालाची आतली कातडी आखडते, तोंड उघडेनासे होते, आणि कर्करोगाचा धोका तर आहेच. ज्याचे तोंडच उघडत नाही किंवा ज्याचे दात हलतात, त्याला ही पट्टी बसविणे कठीण.

मी खर्रा सोडला, पट्टी बनविली, आणि ती घालून पुन्हा झोपेची तपासणी केली. आकडा ६ वर आला. सुरुवातीला लाळ गळत असे, सकाळी जबडा आखडत असे, ते कमी झाले. दातांची ठेवण काही वर्षांत थोडी बदलू शकते, म्हणून ठराविक मुदतीने दाखवावे लागते.

यावरून पट्टी चांगली आणि यंत्र वाईट, असे कोणी समजू नये. आमच्या गटातील एका ज्येष्ठ सभासदांचा आकडा ४० च्या वर होता व रात्री प्राणवायू फार खाली जात होता. त्यांना मीच त्या दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी पट्टी बनवून पैसे घेता आले असते, पण "यांना यंत्रच हवे" म्हणून परत पाठविले. काकांनी इन्व्हर्टर बसविला, आणि आज ते यंत्र लावून शांत झोपतात. असा नाही म्हणणारा दंतवैद्य मिळाला तर तो धरून ठेवावा.

माझे मत स्पष्ट आहे. जमीन पाहून वाण निवडावा तसा हा उपचार निवडावा. को ८६०३२ चांगला म्हणून तो चोपण जमिनीतही लावावा असे आपण म्हणत नाही, तिथे फुले २६५ चा विचार करतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात शंभरावर रुग्णांनी एक महिना यंत्र व एक महिना पट्टी वापरून पाहिली. झटके यंत्राने अधिक कमी झाले, पण पट्टी लोकांनी रोज जास्त तास वापरली, आणि दिवसाची पेंग दोन्हींनी सारखीच घटली. जो उपचार रोज रात्री खरोखर वापरला जातो तोच कामाचा. कपाटात ठेवलेले यंत्र आणि गोणीत राहिलेले खत सारखेच.

सबब क्रम असा असावा: आधी डॉक्टर व झोपेची तपासणी, मग दंतवैद्याचे मत, आणि शेवटी दोघांचे ऐकून, खर्च आधी विचारून, घरच्यांसमक्ष आपला निर्णय. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, रात्री दारू व झोपेच्या गोळ्या टाळणे हे तर सर्वांनाच लागू. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सुरुवातीची चौकशी करता येईल. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. प्रत्येक दंतवैद्य ही पट्टी बनवीतच असेल असे नाही, म्हणून जाण्यापूर्वी विचारून घ्यावे.

संचालक मंडळाला एक विनंती. हंगामापूर्वी आपण ट्रॅक्टरचे ब्रेक आणि ट्रॉलीचे रिफ्लेक्टर तपासतो. त्याचवेळी चालकालाही विचारावे: घोरतोस काय, श्वास थांबतो असे घरचे सांगतात काय, दिवसा पेंग येते काय? तीन प्रश्नांना पैसा लागत नाही. हो म्हणेल त्याला कामावरून काढू नये, तपासणीला पाठवावे, नाहीतर कोणी खरे सांगणार नाही. आणि आरोग्य शिबिरात दंतवैद्यही बोलवावा.

माताभगिनींनाही सांगणे आहे. रात्री धन्याचा श्वास थांबलेला तुम्हालाच ऐकू येतो. तो हसला तरी तुम्ही गप्प बसू नका. माझे प्राण मला मिळाले ते नशिबाने. आपले नशिबावर सोडू नका.



आपला,
ऊस विकास अधिकारी