फोटो काढण्याआधी नाव विचारा

गेल्या आषाढात आठवीच्या मुलांना पालखी बघायला नेलं होतं. एका मुलाने एका वारकरी आजींचा फोटो काढला. मोबाईल माझाच होता, मीच त्याच्या हातात दिला होता. त्याने लगेच फोटो ब्लॅक अँड व्हाईट केला. कपाळावर बुक्का, चेहऱ्यावर सुरकुत्या, डोक्यावर तुळशीवृंदावन. फोटो खरंच सुंदर आला होता. मी सहज विचारलं, "आजींचं नाव काय रे? कुठल्या गावच्या?" तो म्हणाला, "सर, ते कशाला विचारायचं? फोटो तर भारी आलाय ना!"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नंतर वर्गात मी मुलांना एका जगप्रसिद्ध फोटोची गोष्ट सांगितली.

१९३६ साल. अमेरिकेत महामंदी होती. डोरोथिया लँग ही छायाचित्रकार सरकारी कामासाठी कॅलिफोर्नियात गाडीने फिरत होती. निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला दिसली. घरी जायची घाई होती, म्हणून ती पुढे गेली. पण राहवेना. सुमारे २० मैलांवरून ती परत फिरली. पीक गेल्यामुळे मजुरांना काम नव्हतं. एका फाटक्या तंबूत एक बाई मुलांना घेऊन बसली होती. लँगने काही मिनिटांत मोजकेच फोटो घेतले. बाईने आपलं वय ३२ सांगितलं. नाव मात्र लँगने विचारलंच नाही, हे पुढे तिनेच लिहून ठेवलं आहे.

तो फोटो 'मायग्रंट मदर' म्हणून जगभर गेला. बातमी छापून आल्यावर तळावर सरकारी धान्य आलं, पण तोवर ते कुटुंब पुढच्या गावी निघून गेलं होतं. त्या बाईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला कळलं १९७८ मध्ये. म्हणजे ४२ वर्षांनी! आपल्या चेहऱ्याचा आपल्याला काहीच उपयोग झाला नाही, याचं तिला वाईट वाटत होतं. खरं तर लँगलाही त्या फोटोचे वेगळे पैसे मिळाले नव्हते, कारण काम सरकारी होतं. पुढे १९८३ मध्ये ती आजारी पडली, तेव्हा तोच फोटो आठवून लोकांनी मदत पाठवली. म्हणजे फोटोत ताकद होतीच. त्यात माणसाचं नाव तेवढं नव्हतं.

लँगच्या काळी कृष्णधवल फोटो ही नेहमीची गोष्ट होती. आज ती आपली निवड आहे. रंग काढले की नजर थेट डोळ्यांवर, सुरकुत्यांवर जाते. हा फायदा. पण आजींच्या हिरव्या बांगड्याही त्यासोबत जातात. त्या आजी राहत नाहीत, 'गरीब म्हातारी' होऊन जातात. म्हणून फिल्टर वापरताना जबाबदारी वाढते, असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, विचारलं की चेहऱ्यावरचा सहजपणा जातो. जातो, थोडा वेळ. मग दहा मिनिटं गप्पा मारा, तो परत येतो. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले. ते त्या माणसांमध्ये वावरून काढलेले आहेत, हे बघताना जाणवतं. आणि अगदीच क्षण निसटणार असेल, तर फोटो काढल्यावर लगेच जाऊन विचारा, फोटो दाखवा. 'नको' म्हटलं तर समोरच पुसून टाका.

शिक्षक मित्रांनो, आपल्याला यातून भाषेचा छान उपक्रम करता येईल. सहलीत प्रत्येक मुलाने एकाच अनोळखी माणसाचा फोटो काढायचा, तोही विचारून. त्याखाली नाव, गाव आणि त्यांनी सांगितलेली एक गोष्ट, अशा पाच ओळी लिहायच्या. व्यक्तिचित्रणाचा याहून चांगला सराव नाही.

पालकहो, मुलांच्या हातात मोबाईल देताना एवढंच सांगा, की समोरचा चेहरा कुणाच्या तरी आजीचा आहे.

आमच्या त्या आजींचा फोटो वर्गात लावायचा होता. अजून लावलेला नाही. खाली लिहायला नाव नाही.