पत्रा कुणाच्या बापाचा?

मोटरसायकल ही घरी उघडून बघण्याची वस्तू आहे, या मताचा मी आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून एखादा तरुण म्हणायचा, की या गृहस्थांना पाना कुठल्या बाजूनं धरायचा ते ठाऊक नाही, म्हणून द्राक्षं आंबट!

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक त्यांनी अजून काढलेलं नाही. ‘कंपनीनं घातलंय ते काही उगीच घातलं नसेल,’ असं ते म्हणतात. पावसाळ्यात त्या प्लॅस्टिकखाली पाणी शिरतं आणि पोस्टमास्तर गाडीवरून उतरून चालू लागले, की ते कुठं बसून आले हे मागून येणाऱ्या सगळ्यांना दिसतं. त्या पंथातला मी नव्हे. माझं भांडण दुसऱ्या टोकाशी आहे, आणि ते टोक माझ्या सख्ख्या पुतण्याच्या हातात आहे.

गेल्या श्रावणात हा पुतण्या पुण्याहून आमच्याकडे सांगलीला आला. माझ्या स्प्लेंडरभोवती त्यानं दोन प्रदक्षिणा घातल्या, हनुवटीला हात लावला आणि म्हणाला, “काका, हिचं वजन उतरवू या.”

वजन उतरवण्याविषयी आमच्या घरात आजवर जी काही चर्चा झाली ती फक्त माझ्या बाबतीत झाली होती. त्यामुळे दुसऱ्या कुणाचं तरी नाव निघाल्याचा मला आनंदच झाला. मी “हो” म्हणालो.

स्प्लेंडर म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. १९९४ साली ती बाजारात आली आणि शिक्षक, ग्रामसेवक, एलआयसी एजंट यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. माझी २००४ सालची. ९७.२ सीसीचं इंजिन, ताकद आठ घोड्यांना थोडी कमीच. पण त्या घोड्यांनी गव्हाची पोती वाहिली, सिलिंडर वाहिले, गणपती आणले आणि पोचवले. या गाडीला पुतण्या ‘कॅफे रेसर’ करणार होता.

हा काय प्रकार आहे ते त्यानं मला चहाबरोबर सांगितलं. लंडनला नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली ‘एस कॅफे’ नावाचं एक हॉटेल निघालं. पुढे पन्नास-साठच्या दशकांत तिथे तरुण पोरं मोटरसायकली घेऊन जमायची. वेगासाठी गाडीवरचं नको ते सगळं उतरवायची, हँडल खाली घ्यायची आणि टाकीवर पालथं पडून सुसाट सुटायची. ऐकायला छान होतं. पण त्या गाड्या होत्या ट्रायम्फ, नॉर्टन. इंजिनं पाचशे-साडेसहाशे सीसीची. आम्ही जे जे उतरवलं ते शेवटी मी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिलं. साडेचार किलो भरलं. एवढं वजन मी गणपतीच्या दहा दिवसांत नुसत्या मोदकांवर परत मिळवतो! वेगच वाढवायचा होता, तर माझा पुरणपोळीवरचा हात आवरणं जास्त शास्त्रीय झालं असतं आणि त्याला पानाही लागला नसता.

पण पान्याची एक नशा असते. रविवारी सकाळी आम्ही पार्किंगमध्ये गोणपाट अंथरलं. रंगकाम मी अंगावर घेतलं. नोंदणी पुस्तकात गाडीचा रंग लिहिलेला असतो आणि तो बदलला तर आरटीओला कळवावं लागतं, म्हणून काळ्याची काळीच ठेवायची असं ठरवलं. इथे पहिला धडा मिळाला. काळा रंग हा शेजाऱ्यासारखा असतो. तो काहीही झाकत नाही, उलट दाखवतो. टाकीवरच्या पोच्यात पुट्टी भरली, वॉटर पेपर पाण्यात बुडवून बोटांची सालं निघेपर्यंत घासली, प्रायमर मारला. हाताला सगळं गुळगुळीत लागत होतं. काळा रंग बसला आणि टाकीवर कृष्णेच्या लाटा उठल्या. दुसरा धडा हवेनं दिला. श्रावणातल्या दमट हवेत लॅकर मारलं, की ते सुकताना ओल धरतं आणि वर पांढुरका थर येतो. सोमवारी सकाळी पाहतो तर गाडीनं अंगाला भस्म फासलेलं! आमच्या हिनं लांबूनच हात जोडले.

हे सगळं मी हसत सोसलं. घरच्या कामाला घरचा वास यायचाच. पण मी लाटा घासत होतो तेव्हा पुतण्या मागच्या बाजूला काय काय उतरवत होता, याकडे माझं लक्ष नव्हतं. आधी साडी गार्ड निघालं. मग चेनचा डबा. मग सीटमागची धरायची दांडी. शेवटी मागचं मडगार्ड करवतीनं कापून वीतभर ठेवलं. “काका, मागून बघा, कशी मोकळी दिसते!” मी बघितलं. दिसत होती खरी. बोकडाची शेपटी दिसते तशी.

गौरीसाठी मिरजेहून आत्या आली. मी तिला घ्यायला एसटी स्टँडवर गेलो. आत्याचं वय शहात्तर. गाडीवर ती नेहमी एका अंगाला बसते. तिचा हात सवयीनं दांडीकडे गेला, दांडी नव्हती. पाय सवयीनं पट्टी शोधू लागला, पट्टी साडी गार्डबरोबर गेली होती. तिनं माझा खांदा धरला आणि पाय तसेच लोंबत ठेवले. पहिल्या चौकात सिग्नल सुटला, मी क्लच सोडला आणि मागून “अरे, थांब थांब!” असा आवाज आला. साडीचा घोळ चेनमध्ये गेला होता.

मी थांबलो. एका रिक्षावाल्यानं धावत येऊन चाक उलटं फिरवलं, काळा झालेला काठ वीत-वीत करत सोडवला. आत्याच्या पोटरीला खरचटलं होतं, एवढ्यावर निभावलं. गाडीचा वेग तेव्हा माणसाच्या चालण्याएवढा होता. तो चाळीस असता, तर हा लेख विनोदी लेखांच्या पुस्तकात आला नसता.

रिक्षावाल्यानं दिलेलं पाणी पिऊन आत्यानं चष्मा पुसला, वाकून चाकाकडे पाहिलं आणि मला विचारलं, “माझी जाळी कुठाय रे?”

*माझी* जाळी. तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात फिरतो आहे. गाडी माझ्या नावावर, हप्ते मी भरले, विमा मी भरतो. पण वीस वर्षांत त्या जाळीला माझा पाय एकदा लागलेला नाही. गाडीवर बसलो की मला ती दिसतसुद्धा नाही. ती वापरली आत्यानं, हिनं, बहिणीनं. आम्ही काका-पुतणे जे उतरवत बसलो होतो त्यातलं एकही आमचं नव्हतं!

जमिनीसारखा मोटरसायकलचाही सातबारा निघाला, तर मालकाच्या रकान्यात माझं नाव असेल, कबूल. पण सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो, तोही वाचावा लागतो. हँडल, टाकी, आरसे मालकाचे. सीटच्या अर्ध्यापासून मागचं सगळं मागे बसणाऱ्याचं. आणि मडगार्ड तर गाडीवरच्या कुणाचंच नव्हे. आपल्या मागून सायकलवर येणाऱ्या माणसाचं ते आहे. नदीकाठच्या काळ्या मातीचा चिखल बिनमडगार्डाचं चाक कुठवर उडवतं, ते त्याच्या शर्टाला विचारा. मोकळेपणा आपला, धुणं त्याच्या घरी!

हे शहाणपण मला साडी फाटल्यावर आलं. सरकारला ते १९८९ सालीच आलं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, की मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतकं मागचं चाक झाकणारं आवरण हवं. दांडी, पट्टी, जाळी. पुतण्यानं अख्खा नियम नटबोल्टांसकट डब्यात भरून ठेवला होता.

तो वाद घालायला कच्चा नाही. म्हणाला, “काका, आता साडी नेसतं कोण?” अरे बाबा, मग ओढणी तर साडीहून वाईट. तिचं एक टोक चाकात गेलं, तर दुसरं गळ्यात असतं. म्हणाला, “मग मागे कुणाला बसवायचंच नाही. एकाचीच सीट करू.” हे निदान प्रामाणिक आहे. पण रात्री अकराला शेजारच्या पोराला ताप चढला, तर त्याच्या आईला काय सांगू? गाडी फार सुंदर झाली आहे, तुम्ही पायी या?

गाडीवरची घरगुती कारागिरी बघायची, तर पहाटे पाचला उठून दूधवाला बघावा. दोन्ही अंगांना कॅनच्या कड्या अशा बेतानं बसवलेल्या असतात, की चाळीस लिटर दूध खड्ड्यातून हिंदकळत नाही. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी तर बुलेटचं मागचं अख्खं चाक काढलं! पण काढून तिथं शेतीची अवजारं जोडली आणि बैलांचं काम करणारी ‘बुलेट सांती’ उभी केली. ही माणसं काही उतरवतात ते दुसरं काही वाहण्यासाठी. आपण उतरवतो ते फोटोसाठी. म्हणून माझं सगळ्या पुतण्यांना सांगणं आहे: घासा, रंगवा, पट्टे मारा, हवं तर टाकीवर गरुड काढा. पण पान्याला हात घालण्याआधी हे कुणाचं, एवढं विचारा. आणि ज्याचं असेल त्याला विचारा, मला नको. मी “हो” म्हणतो.

जाळी भंगारात गेली नव्हती, हे नशीब. ती, चेनचा डबा आणि दांडी दुसऱ्याच दिवशी चढवली. मडगार्ड नवं घ्यावं लागलं. पैसे पुतण्यानं आपणहून दिले, हे सांगायला हवं. टाकीवरच्या लाटा तशाच आहेत.

दिवाळीत आत्या पुन्हा आली. स्टँडवर गाडीपाशी आली, पिशवी माझ्या हातात दिली, वाकून जाळी दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिली. मग पदर खोचला आणि म्हणाली, “हां, चल आता.”