लॉकचे वासरू आणि भाईंदरचे मटण

सप्टेंबर २०१५ मध्ये मीरा-भाईंदर महापालिकेने जैनांच्या पर्युषण पर्वाचे आठ दिवस शहरात मांसविक्री बंद ठेवण्याचे ठरवले. शेजारच्या मुंबईत ही बंदी चार दिवसांची होती. वाद लगेच शाकाहारी विरुद्ध मांसाहारी, गुजराती विरुद्ध मराठी या ठरलेल्या रुळांवर गेला आणि वृत्तवाहिन्यांना तेवढे पुरले. मूळचा प्रश्न मात्र मागे पडला. कोणी काय खावे आणि काय विकावे हे सांगण्याचा अधिकार सरकारला कुठून मिळतो, आणि तो कुठे संपतो?

मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. भाईंदर पश्चिमेला जैनांची मोठी वस्ती आहे, मीरा रोडला मुस्लिमबहुल नया नगर आहे, आणि खाडीकडेने पुढे गेले की उत्तन-डोंगरीची कोळी व ख्रिस्ती गावे लागतात, जिथे बांबूंवर बोंबील सुकत घातलेले दिसतात. २००२ मध्ये महापालिका झाली तेव्हापासून या सगळ्यांसाठी नियम करणारे सभागृह एकच आहे.

युरोपात प्रबोधनयुगाच्या उंबरठ्यावर जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने याच प्रश्नाला हात घातला. १६८५ मध्ये तो हॉलंडमध्ये परागंदा होता. त्याच वर्षी फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांना पूर्वी दिलेले धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. त्या पार्श्वभूमीवर लॉकने ‘टॉलरेशन’वर, म्हणजे सहिष्णुतेवर एक दीर्घ पत्र लिहिले, ते १६८९ मध्ये छापले गेले. त्याचे म्हणणे असे की राज्यसंस्था माणसाचे जीवित, स्वातंत्र्य, आरोग्य आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी असते. त्याच्या आत्म्याची काळजी वाहणे हे तिचे काम नव्हे.

याच पत्रात एक वासरू येते. मेलिबिअस नावाच्या कुणा माणसाला आपले वासरू घरी कापण्याची मुभा असेल, तर तेच वासरू धार्मिक विधीत कापायलाही राज्य त्याला मनाई करू शकत नाही, असे लॉक म्हणतो. पण समजा, गुरांवर मोठी साथ आली आणि कळप ओस पडले. मग गुरांची संख्या पुन्हा वाढावी म्हणून राज्य काही काळ सगळ्यांनाच वासरू कापायला बंदी घालू शकते. दोन्हीकडे वासरू तेच आणि सुरीही तीच. फरक बंदीच्या कारणात आहे. साथीचे कारण ऐहिक आहे, सर्वांच्या हिताचे आहे, आणि ते श्रद्धा नसलेल्यालाही पटवून देता येते.

लॉकला डोक्यावर घेण्याचे मात्र कारण नाही. परक्या सत्ताधीशाशी निष्ठा बांधलेल्यांना त्याने सहिष्णुतेतून वगळले, आणि त्याचा रोख पोपला मानणाऱ्या कॅथलिकांकडे होता. त्याच्या राज्यात आपल्या उत्तनकरांची पंचाईतच झाली असती.

पुढच्या शतकात टॉमस पेन या विचारवंताने सहिष्णुता या कल्पनेलाच हरकत घेतली. श्रद्धेचे स्वातंत्र्य नाकारणारा आणि ते मेहेरबानी म्हणून देणारा, दोघेही स्वतःला मालक समजतात, असा त्याचा युक्तिवाद होता. हा मुद्दा ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथात आहे आणि तो ग्रंथ जोतीराव फुल्यांनी १८४७ मध्ये वाचला होता. माणसाचे हक्क जन्मसिद्ध आहेत, कुणी दिलेले नाहीत, ही भूमिका जोतीरावांनी जातीच्या प्रश्नाला लावली आणि तिला पेनपेक्षाही खोल नेले. अशा मेहेरबानीचे उदाहरण आपल्या इतिहासातही आहे. अकबराने जैन आचार्य हीरविजयसूरींच्या विनंतीवरून पर्युषणात पशुहत्या थांबवली, ही गोष्ट आजही कौतुकाने सांगितली जाते. कौतुक रास्तच आहे. पण ते बादशहाचे फर्मान होते, आणि फर्मान काढणारा ते मागेही घेऊ शकतो. फ्रान्समध्ये तेच झाले.

फर्मान आणि महापालिकेचा आदेश यांत फरक पाडते ती राज्यघटना. अनुच्छेद १२ नुसार स्थानिक संस्थाही ‘राज्य’ ठरतात. अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दात आदेश, उपविधी आणि अधिसूचनाही येतात, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असतील तेवढ्यापुरते ते निरर्थक ठरतात. धंद्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये आहे. त्यावर निर्बंध घालता येतात, पण ते वाजवी आणि सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी असावे लागतात. म्हणूनच एखादा मटणवाला हातातली नोटीस घेऊन थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करू शकतो. सत्ता एकाच हाती नसावी हे फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ मध्ये मांडले, त्याचा अर्थ व्यवहारात असा दिसतो.

दुसरी बाजूही कच्ची नाही. अहमदाबादेत पर्युषणात महापालिकेचे कत्तलखाने नऊ दिवस बंद ठेवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवला. काळ थोडा आहे आणि मोठ्या समाजाच्या भावनांचा आदर राखण्यात गैर नाही, असा त्यामागचा विचार होता. निकालात अकबराचा दाखलाही आला. शेजारधर्म म्हणून हा विचार आम्हालाही मान्य आहे. पण किती दिवस, या प्रश्नातून ओझे किती ते कळते; ते लादण्याचे कारण काय, हे त्यातून कळत नाही. शिवाय महापालिकेने आपला कत्तलखाना बंद ठेवणे वेगळे आणि दुकानातली विक्री थांबवणे वेगळे. आठ दिवस शटर खाली राहिले तरी दुकानाचे भाडे आणि कारागिरांची मजुरी थांबत नाही.

कारण पुरेसे नसले की युक्तिवाद कसे होतात, ते मुंबईच्या बंदीवरील सुनावणीत दिसले. मग मासळी का चालते, असे विचारले गेले तेव्हा सरकार पक्षाने सांगितले की मासा पाण्याबाहेर काढताच मरतो, त्यामुळे तिथे कत्तल होत नाही. उत्तनच्या कोळणीला हा खुलासा ऐकून हसू आवरले नसते.

लॉकची कसोटी लावली तर मीरा-भाईंदरची आठ दिवसांची विक्रीबंदी तिच्यात उतरत नाही, असे आमचे मत आहे. ना साथ होती, ना आरोग्याचा प्रश्न. एका समाजाचे व्रत हेच कारण होते. ते व्रत आदरणीय आहे आणि ते पाळण्याचा त्या समाजाचा हक्क निर्विवाद आहे. पण नया नगरच्या दुकानदाराने ते घेतलेले नव्हते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील १७ तारखेच्या विक्रीबंदीला स्थगिती दिली. दुकाने उघडायला मोकळीक मिळाली. योगायोग असा की १७ तारखेला गणेश चतुर्थी होती. बहुतेक मराठी घरांत त्या दिवशी मोदकपात्र चुलीवर होते आणि मटणाची पिशवी घेऊन कुणी बाहेर पडणारच नव्हते. त्यासाठी महापालिकेने कोणताही आदेश काढला नव्हता.