दप्तर गेले ढगात, किल्ली कुणाच्या हातात?

१५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे ज्याला सगळे ‘फार्मर आयडी’ म्हणतात तो, सक्तीचा झाला. किन्हीराजा असो की मालेगाव तालुक्यातले दुसरे कोणतेही गाव, कास्तकाराने आधार कार्ड दाखवले, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला आणि आपले वावर आपल्या आधारला जोडून घेतले. अनुदान पाहिजे, तर हे करणे भागच होते. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या गर्दीत एक प्रश्न विचारायचा राहून गेला. ही माहिती ठेवतात कुठे, आणि तिच्या कुलपाची किल्ली कुणाच्या कमरेला असते?

सरकारी दप्तर आता हळूहळू ‘क्लाऊड’वर चालले आहे. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाऊड वापरण्याचे धोरण जाहीर केले. प्रत्येक खात्याने स्वतःचे संगणक विकत घ्यायचे, ते थंड खोलीत सांभाळायचे आणि बिघडले की दुरुस्त करत बसायचे, त्यापेक्षा जागा भाड्याने घ्यावी, हा त्यामागचा विचार. क्लाऊड म्हणजे ढग; पण त्यात आभाळातले काही नाही. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रांगेने लावलेले असतात आणि ते असतात दुसऱ्याच्या मालकीचे. ज्याला पाहिजे त्याने जागा घ्यावी, वापरली तेवढ्याचे पैसे द्यावे. केंद्र सरकारने पारखून यादीत घेतलेल्या कंपन्यांना सरकारी माहिती देशाच्या हद्दीतच ठेवण्याची अट असते.

आपल्याला हा व्यवहार नवीन नाही. सोयाबीन निघाले, भाव पडलेला असला, की आपण माल वखार महामंडळाच्या गोदामात ठेवतो. एकाच छपराखाली दहा जणांची थप्पी असते. गोदामवाला पावती देतो, वजन लिहितो, राखणदार ठेवतो. माल मात्र आपलाच राहतो. क्लाऊडही तसेच गोदाम आहे. फरक एवढाच, की सोयाबीनचे पोते चोरीला गेले तर थप्पीत जागा रिकामी दिसते. माहिती चोरीला गेली तर जागा भरलेलीच दिसते, कारण चोर नक्कल नेतो आणि अस्सल तिथेच राहते. म्हणून ही चोरी कळतच नाही. कळते ती खात्यातले पैसे गेल्यावर.

मग जुने कागदी दप्तरच बरे होते काय? तसेही नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली आणि अनेक खात्यांच्या फायली जळाल्या. गावोगावच्या दप्तरांना वाळवी आणि गळकी छपरे काय करतात, हे कुणाला सांगायला नको. पण संगणकालाही आग चुकलेली नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी संगणक केंद्राला आग लागली. कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवण्याचा सरकारी क्लाऊड त्यात जळाला आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. इतका पुढारलेला देश, तरी वर्षानुवर्षांचे काम गेले. तात्पर्य, कागद की संगणक हा वाद निरर्थक आहे. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी आहे की नाही, हे विचारले पाहिजे.

आता चोरीचे पाहू. गोदामाची भिंत फोडून चोरी होते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दार उघडेच राहिलेले असते. २०१९ साली अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेच्या सुमारे १० कोटी ग्राहकांची माहिती बाहेर गेली. ती ॲमेझॉनच्या क्लाऊडवर होती. पण दार नीट बसवले नव्हते ते बँकेने. गोदाम कंपनीचे, पण आपल्या खोलीला कुलूप लावणे भाडेकरूचे काम, हा या धंद्यातला करार आहे. इथे भाडेकरू आहे शासन, आणि माल आहे आपला.

आपल्याकडचेही दाखले आहेत. मे २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने दाखवून दिले, की चार सरकारी संकेतस्थळांवर मिळून सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले होते. त्यात एक होते रोजगार हमीचे, एक होते निराधारांच्या पेन्शनचे. म्हणजे ज्यांच्याजवळ गमावण्यासारखे सर्वांत कमी, त्यांचीच माहिती आधी उघड्यावर आली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये एका संशोधकाने पीएम-किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक दिसत असल्याचे सरकारी यंत्रणेला कळवले. वर्षाला ६,००० रुपये देणारी हीच ती योजना. दुरुस्ती व्हायला मे महिना संपत आला. त्या चार महिन्यांत ते दार कुणी कुणी पाहिले, हे शेतकऱ्याला कुणी येऊन सांगितले काय?

कुणी म्हणेल, नुसता बारा आकडी नंबर दिसला तर काय बिघडले? तेलंगणात पेद्दापल्ली जिल्ह्यात २०१८ साली एक प्रकरण उघडकीस आले. सिमकार्ड विकणाऱ्या एका माणसाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमिनीच्या खरेदीखतांच्या प्रती उतरवून घेतल्या. खतावर आधार क्रमांक होता आणि अंगठ्याचा ठसाही होता. त्याने त्या ठशांचे रबरी शिक्के बनवले आणि दुसऱ्यांच्या नावावर सिमकार्डे सुरू केली. आपण आधारवर अंगठा लावून बँकेचे पैसे काढतो, रेशन उचलतो. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार?

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सातबारा हा मुळात उघडाच दस्त आहे आणि तो उघडा असलाच पाहिजे. जमीन घेणाऱ्याला मालक कोण, बोजा किती, हे दिसले नाही तर फसवणूक वाढेल. पण आधार क्रमांक, बँक खाते, मोबाईल नंबर, अंगठ्याचा ठसा ही घराच्या आतली गोष्ट आहे. आजवर ही माहिती वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरलेली होती. आता ती एका क्रमांकाला बांधली जात आहे. शेतकऱ्याची सोय होईल हे खरे; पण सगळे पीक एकाच गंजीत रचले, तर एक ठिणगीही महागात पडते. २०२३ पासून दोन वर्षे एक रुपयात पीक विमा होता, तेव्हा दुसऱ्याच्या जमिनीवर विमा काढल्याचे बोगस अर्ज राज्यात उघडकीस आले आणि काही सुविधा केंद्रांवर कारवाई झाली. तेव्हा सातबाऱ्याचा उतारा पुरला. उद्या सगळेच हाती लागले तर काय होईल, याचा विचार आजच केलेला बरा.

यात गावपातळीवरच्या आपल्या मंडळींचाही वाटा आहे. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले. नावे बदलली, पण सवयी बदलल्या काय? सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीची ती पेनड्राइव्हसारखी कांडी ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्ड टेबलाच्या काचेखालच्या चिठ्ठीवर, आणि लाभार्थ्यांची यादी आधार-पासबुकाच्या फोटोंसकट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर! कोणत्या गावात, ते विचारू नका; ज्याने त्याने आपल्या कार्यालयात डोकावावे. कामाचा बोजा मोठा, नेट चालत नाही, वरून रोज अहवाल मागतात, हे सर्व मान्य. पण आपली कोरी सही आपण कुणाला देतो काय? मग डिजिटल सही तरी का द्यावी? उद्या ऑपरेटरने गडबड केली, तर नोंद साहेबांच्या नावाने निघेल.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील असे ठरले. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवायचे बंधन त्यात आहे, २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हे चांगलेच आहे. पण अनुदान आणि लाभ देण्यासाठी शासनाला बऱ्याच ठिकाणी वेगळी संमती लागत नाही, आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाटही कायद्यात ठेवली आहे. शिवाय दंडाची रक्कम सरकारच्या तिजोरीत जमा होणार. ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात त्यातला रुपयाही पडणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचे कलम ४३-अ होते, तेही हा कायदा काढून टाकतो. पीक बुडाले शेतकऱ्याचे आणि भरपाई सरकारजमा, असा हा न्याय!

म्हणून आमची मागणी साधी आहे. गोदामात माल ठेवला की पावती मिळते. तशी माहितीचीही पावती मिळाली पाहिजे. शेतकरी ओळख क्रमांकाखालची नोंद कोणत्या कार्यालयाने, कोणत्या केंद्राने, कोणत्या तारखेला उघडली, हे त्या शेतकऱ्याला दिसले पाहिजे. हे अवघड नाही. आपले आधार कुठे कुठे वापरले गेले, याची मागच्या सहा महिन्यांची यादी आजही पाहता येते. एस्टोनिया या चिमुकल्या देशात आपली सरकारी नोंद कुणी पाहिली, हे नागरिकाला घरी बसून कळते. ज्याच्याजवळ मोबाईल नाही, त्याला ही यादी ग्रामपंचायतीत कागदावर मिळावी. कोण पाहते हे मालकाला दिसते म्हटल्यावर विनाकारण डोकावणारे आपोआप कमी होतील. ग्रामसभेने असा ठराव घेऊन तहसीलदारांकडे पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही.

तोवर आपल्या हातातले आपण करावे. आधारची झेरॉक्स द्यायची वेळ आली, तर शेवटचे चार आकडेच दिसतात ती ‘मास्क’ केलेली प्रत चालते काय ते आधी विचारावे. अंगठ्याची नोंद आधारच्या ॲपवरून कुलूपबंद करता येते. रेशन-पेन्शनच्या वेळी ती तेवढ्यापुरती उघडावी लागते, हे लक्षात ठेवावे. अडचण आली तर आधारचा दूरध्वनी १९४७ आहे. ओटीपी सांगण्याआधी तो कशासाठी आला, हे केंद्रचालकाला विचारायची लाज बाळगू नये. खात्यातून पैसे गेलेच, तर बँक उघडायची वाट न पाहता त्याच घटकेला १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

धुऱ्यावरून वीतभर जमीन सरकली तर आपण मोजणी आणतो, कोर्टाची पायरी चढतो. त्याच जमिनीची सारी कुंडली दुसऱ्याच्या गोदामात ठेवली आहे. तिची पावती मागणे म्हणजे शासनावर अविश्वास दाखवणे नव्हे. तो मालकाचा हक्क आहे.