तिसरी फिन

"छंदालाच धंदा करा" असं सांगणारे हल्ली फार झालेत. त्यांना मी सायमन अँडरसनचं नाव सांगतो.

सिडनीच्या नॅराबीनचा हा गडी सर्फिंग करायचा आणि सर्फबोर्डही स्वतःच घडवायचा. तेव्हा दोन फिनच्या बोर्डांची चलती होती. (फिन म्हणजे बोर्डाच्या बुडाला मागे बसवलेलं, माशाच्या पंखासारखं पातं.) मार्क रिचर्ड्स त्यावर जगज्जेता झालेला. पण अँडरसन अंगापिंडाने दांडगा, मोठ्या लाटेवर तो बोर्ड त्याच्या पायाखालून सटकायचा. १९८० साली दुसऱ्या एका कारागिराच्या बोर्डावर त्याने छोटीशी तिसरी फिन पाहिली, आणि घरी येऊन तीनही सारख्या आकाराच्या फिन लावून पाहिल्या. १९८१ मध्ये बेल्स बीचच्या अजस्र लाटांत त्याच बोर्डावर स्पर्धा जिंकला! आज बहुतेक बोर्ड तीन फिनचेच असतात.

पेटंट? घेतलंच नाही.

आपण प्रोग्रॅमर लोक यावर टाळ्या वाजवू. पण बघा, बोर्ड घडवणाऱ्याला पैसे मिळतात ते बोर्डाचे, कल्पनेचे नाहीत. फोम रंधायचा, फायबरग्लास-रेझिन चढवायचं, मास्क लावून घासत बसायचं, की पुढचं गिऱ्हाईक. प्रयोग होतो तो यातून उरलेल्या वेळात, आणि माझ्या मते रोज हात चालतो म्हणूनच होतो. नुसत्या कागदावर त्याला तिसरी फिन सुचली नसती.

तेव्हा नोकरी सोडून सुतारकाम करू म्हणणाऱ्या मित्राला मी एवढंच विचारतो: गिऱ्हाईक म्हणेल तसलंच टेबल पन्नासाव्यांदा करशील का रे?